गाडी आपली, माल दुसऱ्याचा : तस्करीला ‘मदत’ केली असं कधी धरतात?

बिल्टीवाला (प्रश्न)

सोलापुरातून विजयपूर, कलबुर्गी आणि हैदराबाद लाईनला बुकिंग आहे. फुल लोड कमी, पार्ट लोड जास्त. निम्म्या गाड्या स्वतःच्या, निम्म्या ट्रक अड्ड्यावरून उचललेल्या. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अमली पदार्थांची तस्करी मकोकात (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात) घेणारं विधेयक मंजूर झालं. आता गुटख्यालाही मकोका लावणार, नुसत्या विकणाऱ्यालाच नाही तर साठवणाऱ्याला, वाहून नेणाऱ्याला आणि गाडी पुरवणाऱ्यालाही धरणार, अशी मंत्र्यांची विधानं येतायत. अड्ड्यावर यावर रोज दोन तट पडतात. एक म्हणतो गाडीमालकाला काही होत नाही, ड्रायव्हर आत जातो. दुसरा म्हणतो बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) ज्याची सही तो आत.

विचारायचं ते असं. ‘मदत’ किंवा ‘सहाय्य’ हे कायद्यात नेमकं कशाला म्हणतात? गाडीमालक, बुकिंगवाला, ब्रोकर आणि गोडाऊन भाड्याने देणारा यांना वेगवेगळं धरतात की एकाच दावणीला बांधतात? बंद डाग (बुक केलेला नग) उघडून बघायचा हक्क आपल्याला आहे का? आणि गाडी पकडलीच तर सोडवायची कशी? ऐकीव नको, कलम आणि कागद सांगा.

काळाकोट

आधी एक गैरसमज काढून टाकू. मदत करणाऱ्याला शिक्षा ही नवीन गोष्ट नाही, ती प्रत्येक कायद्यात आधीपासूनच आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ४५ मध्ये चिथावणी, कट आणि हेतुपूर्वक सहाय्य अशी तीन अंगं आहेत. वेगळी शिक्षा सांगितली नसेल तर कलम ४९ नुसार मदतनिसाला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. गोव्याची दारू आणली तर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचं कलम ८१ हेच सांगतं. गांजा असेल तर एनडीपीएसचं (अमली पदार्थविरोधी कायद्याचं) कलम २९. प्रस्तावांमुळे सर्वांत मोठा फरक पडतो तो जामिनात. अड्ड्यावर चर्चा वर्षांची होते आणि लोक अडकतात जामिनात.

मकोका १९९९ चा आहे. कलम ३(२) मध्ये संघटित गुन्ह्याचा कट करणारा, त्याला साथ देणारा किंवा ‘जाणूनबुजून सुकर करणारा’ यांना कमीत कमी ५ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, दंड किमान ५ लाख. आसरा देणाऱ्याला ३(३) मध्ये तेवढंच. आता बाकीचं बघा. दोषारोपपत्राची मुदत ९० वरून १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब कलम १८ खाली पुराव्यात येतो, एरवी पोलिसांसमोरच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. जामिनासाठी कलम २१(४) : आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, याबद्दल कोर्टाची खात्री पटली पाहिजे. हे सुरुवातीच्या टप्प्यावर पटवणं फार अवघड.

मकोका असाच उचलून लावता येत नाही हेही खरं. ‘चालू बेकायदेशीर कृत्य’ दाखवावं लागतं, म्हणजे ३ वर्षं किंवा अधिक शिक्षेचे दखलपात्र गुन्हे, मागच्या १० वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं आणि त्यांची कोर्टाने घेतलेली दखल. गुन्हा नोंदवायलाच उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते.

आणि इथंच गाडीवाले फसतात. “माझ्यावर आधीची एकही केस नाही, मला मकोका कसा लागेल?” सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये झाकिर मिरजकर प्रकरणात स्पष्ट केलंय की ती दोषारोपपत्रं टोळीच्या संदर्भात बघायची, प्रत्येक आरोपीच्या नावावर दोन असायला हवीत असं नाही. टोळीवाल्यावर दोन केस असतील आणि तुम्ही त्याला जाणूनबुजून गाडी दिली असेल, तर तुमचं कोरं रेकॉर्ड उपयोगी पडत नाही. कर्नाटकातही २००० चा याच धर्तीचा कायदा आहे. गौरी लंकेश प्रकरणात २०२१ मध्ये त्याच्याबद्दल हेच म्हटलं गेलं. टाकळीचा पूल ओलांडला म्हणून कायदा सौम्य होत नाही.

शिवाय १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम १११ आहे. त्यात अमली पदार्थ, शस्त्रं आणि ‘अवैध वस्तू’ यांची तस्करी नावानिशी आहे आणि ‘जाणूनबुजून सुकर करणाऱ्याला’ ५ वर्षं ते जन्मठेप आहे. गुटख्याला मकोका येवो न येवो, हे हत्यार पोलिसांच्या हातात आत्ताच आहे.

सगळा खेळ ‘जाणूनबुजून’ या एका शब्दावर. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, हे तुमच्या तोंडावरून कोणी ठरवत नाही. ते तुमच्या कागदांवरून आणि फोनवरून ठरतं.

उत्तरकसबा

वकीलसाहेब, एक शंका. गुटख्याची शिक्षा तर किरकोळ आहे ना? मग ३ वर्षांची अट कशी बसते?

काळाकोट

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. महाराष्ट्रात बंदी जुलै २०१२ पासून आहे, पण ती अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ३०(२)(अ) खालच्या आदेशाने, जो एका वेळी एक वर्षाचाच निघतो. म्हणून दरवर्षी नवा आदेश. कलम ५९ मध्ये असुरक्षित अन्नाने कोणाला इजा झालेली नसेल तर शिक्षा महिन्यांत मोजावी अशीच आहे. तेवढ्यावर मकोका उभा राहत नाही. म्हणून एफआयआरमध्ये भादंविचं जुनं ३२८, आताचं न्याय संहितेचं १२३ जोडलेलं दिसतं : विष किंवा अपायकारक पदार्थ देणं, १० वर्षांपर्यंत. हे एक कलम काढलं की मोठा डोलारा कोसळतो.

त्यावर भांडण अजून मिटलेलं नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अन्नसुरक्षा कायदा आहे म्हणून भादंवि लावायला आडकाठी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राम नाथ प्रकरणात म्हणालं, कलम ५९ लागू होत असेल तिथे भादंविची भेसळीची कलमं २७२-२७३ लावता येत नाहीत. बचावाचा वकील दुसऱ्यावर जोर देतो, सरकारी वकील पहिल्यावर. गुटखा मकोकात आणायचा तर हा पाया आधी विधिमंडळाने पक्का करावा. नुसत्या घोषणेने कोर्टात काही टिकत नाही, आणि टिकेपर्यंत चार-सहा महिने आत बसणारा असतो तो ड्रायव्हर. माझ्या मते प्रस्तावातली सर्वांत मोठी खोट हीच.

जमाखर्च

कायदा झाला, आता कागद. बुकिंगच्या टेबलावर ‘माहीत होतं’ याचे पुरावे कसे तयार होतात ते बघा.

ई-वे बिल, म्हणजे माल हलवण्याआधी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद, ५० हजारांवरच्या मालाला. आंतरराज्य असेल तर त्यात सूट नाही. मुदत २०० किलोमीटरला १ दिवस. विजयपूर १०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे १ दिवस. हैदराबाद ३०० च्या वर, म्हणजे २ दिवस. विजयपूरच्या मालाचं बिल दोनदा मुदतवाढ घेतलेलं असेल तर पहिला प्रश्न : ही गाडी मधले दोन दिवस होती कुठे? बिघाडाचं कारण दिलं असेल तर गॅरेजची पावती बिल्टीला टाचा. ई-वे बिलाच्या पार्ट बीमधला (वाहनाच्या तपशिलाच्या भागातला) गाडी नंबर आणि प्रत्यक्ष नंबर जुळला पाहिजे. वाटेत गाडी बदलली की पार्ट बी त्याच वेळी बदला, पोचल्यावर नाही.

माल पाठवणाऱ्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकायला अर्धं मिनिट लागतं. नाव, नोंदणीची तारीख, स्थिती, धंद्याचा प्रकार आणि विवरणपत्रं भरलीत का, एवढं दिसतं. नोंदणी तीन आठवड्यांपूर्वीची, पत्ता भलत्याच जिल्ह्यातला, धंदा ‘बांधकाम सेवा’ आणि माल ‘कटलरी ८० नग’ असं असेल तर तो डाग घेऊ नका. आणि तो स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. घेतला तरी ठेवा, नाकारला तरी ठेवा.

आता खरी मेख. ताजा भाजीपाला, कांदा, फळं, नारळ, कडबा, चारा यांना ई-वे बिल लागत नाही, कारण त्यांच्यावर जीएसटीच नाही. म्हणजे गाडीच्या हालचालीची सरकारी नोंदच तयार होत नाही. लपवायचा माल बहुतेक वेळा याच मालाखाली जातो, आणि आपल्याकडे मार्केट यार्डातून रोज निघणारा माल नेमका हाच. म्हणून कांद्याच्या गाडीला कागद कमी लागतो म्हणून आपण कागद कमी ठेवायचा नाही. उलट जास्त ठेवायचा : बाजार समितीची पट्टी, अडत्याचं बिल, काटा पावती, भरताना काढलेले फोटो.

काट्याचं गणित एकदा करून दाखवतो. दहाचाकी रिकामी ९,४०० किलो, भरलेली २४,७५०. फरक १५,३५०. कांदा ३०० पोती, ५० किलोप्रमाणे १५,०००. वरचे ३५० कुठून आले? बारदान पोत्यामागे किलोभर धरा, ते ३०० च्या आत. ताडपत्री आणि दोर भरल्यावर चढवले असतील तर ते. मध्ये डिझेल टाकलं असेल तर १०० लिटरला ८० किलोच्या वर. ३५० चा हिशेब लागतो. ९०० असेल तर लागत नाही, आणि तो लागत नाही हे तुमच्याच फाईलमध्ये लिहिलेलं असतं. फरक दिसत असूनही गाडी सोडली तर ती पावती तुमच्याविरुद्धचा पुरावा. रिकामा आणि भरलेला काटा एकाच काट्यावर करा, नाहीतर दोन काट्यांमधला फरकच डोक्याला ताप.

पैशांचं सांगायचं तर बाजारभावापेक्षा दीडपट-दुप्पट भाडं, तेही रोख, आणि ड्रायव्हरला ‘वरचे’ वेगळे. यापेक्षा मोठा पुरावा सरकारी वकिलाला लागत नाही. भाडं बँकेतून घ्या, बिल्टीवरच्या नावाच्या खात्यातूनच घ्या.

काटापावती

जमाखर्च, तुमचं गणित बरोबर, पण काटा टनातला माल पकडतो, किलोतला नाही. मोठ्या काट्याची नोंदच ५ किंवा १० किलोच्या टप्प्यात होते. २५ किलो गांजा काट्यावर दिसणार नाही, आणि एनडीपीएसमध्ये २५ किलो म्हणजे खेळ खलास. गांजाची अल्प मात्रा १ किलोपर्यंत, व्यावसायिक मात्रा २० किलोच्या वर. व्यावसायिक झाली की १० ते २० वर्षं, दंड १ ते २ लाख, आणि कलम ३७ ची जामिनाची अडसर. एमडीचं (मेफेड्रोनचं) तर ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. ५० ग्रॅम म्हणजे बिस्किटाच्या लहान पुड्याएवढं.

त्यासाठी गाडी डोळ्यांनी आणि टेपने बघावी लागते. अड्ड्यावरची गाडी घेताना बॉडीची लांबी बाहेरून मोजा आणि आतून मोजा. पुढची फळी आणि चौकट यांचे चार-सहा इंच जातात. आतून दीड फूट कमी भरली तर केबिनमागे चोरकप्पा आहे. तळाच्या फळ्यांवर हातोडीची मूठ आपटा, एका पट्ट्यात आवाज पोकळ आणि स्क्रू नवे कोरे असतील तर तिथे काहीतरी आहे. स्टेपनी, टूलबॉक्स, केबिनचा वरचा कॅरिअर, ड्रायव्हर झोपतो तो फळा. डिझेल टाकीत गज घाला : टाकी ३०० लिटरची आणि २०० लिटरलाच काठोकाठ भरत असेल तर बाकीची १०० लिटरची जागा कुणाची? सगळं मिळून दहा मिनिटं.

जीपीएस सगळेच लावतात, बघत कोणी नाही. बंद पडल्याचा मेसेज आला आणि मालकाने चार तास फोन केला नाही, हे सीडीआरमध्ये (फोन कॉलच्या नोंदीत) स्वच्छ दिसतं. फास्टॅगची नोंद जीपीएसशी ताडून बघा. पुण्याहून येणारी गाडी वरवडे आणि सावळेश्वर दोन्ही टोल चुकवून आली तर टोल वाचवला असंही असेल, पण विचारलं पाहिजे आणि विचारल्याचं व्हॉट्सॲपवर राहिलं पाहिजे. विजयपूरचा माल नांदणीच्या नाक्याने न जाता मंगळवेढ्याकडून मरवड्याने गेला तर तेच.

उत्तरकसबा

ओ अण्णा, एवढं सगळं कोण करतंय? सीझनला दिवसाला चाळीस बिल्ट्या निघतात. पोलीस येतात तेव्हा यातलं एकही पान बघत नाहीत, सरळ गाडी उचलतात.

काळाकोट

पकडण्याच्या दिवशी बघत नाहीत हे कबूल. गाडी सोडवण्याच्या अर्जात आणि दोषमुक्तीच्या अर्जात बघावंच लागतं, कारण कायद्यानेच ओझं तुमच्यावर टाकलंय.

एनडीपीएस कलम ३५ : दोषी मनोवृत्ती होती हे कोर्ट गृहीत धरतं, नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं, तेही वाजवी शंकेपलीकडे. बाकी फौजदारी कायद्यात उलट असतं. कलम २५ : आपलं घर, जागा किंवा वाहन जाणूनबुजून वापरू दिलं तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. आणि कलम ६०(३) : वाहन जप्त होऊ नये असं वाटत असेल तर मालकाने दाखवायचं की त्याला, त्याच्या प्रतिनिधीला आणि वाहन ज्याच्या ताब्यात होतं त्याला माहिती नव्हती, त्यांची संमती नव्हती, आणि प्रत्येकाने सर्व वाजवी खबरदारी घेतली होती. ‘प्रत्येकाने’ शब्द बघा. ड्रायव्हरला माहीत होतं तर ‘मला माहीत नव्हतं’ एवढं म्हणून मालकाची गाडी वाचत नाही. म्हणून ड्रायव्हर नेमताना लायसन्सची पडताळणी, फोटो, पत्ता, आधीच्या मालकाचा फोन नंबर आणि मराठी-कन्नड-तेलुगू, त्याला जी भाषा वाचता येते त्या भाषेतलं सूचनापत्र सही घेऊन ठेवा. गाडी पकडल्यावर मागची तारीख टाकून हे पत्र बनवणारे महाभाग असतात. ते उघड होतं, आणि मग खोट्या पुराव्याची दुसरी केस होते. साधा उपाय : सही झाल्या दिवशी फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा, तारीख आपोआप पडते.

बुकिंगवाला आणि ब्रोकर यांचा कस वेगळा. गाडी त्यांची नाही, म्हणून कलम ६० त्यांना नाही. त्यांना २९ लागतं, कट आणि साहाय्य. तिथे फोन कॉल, पैशांचा मार्ग आणि खोट्या नावाने फाडलेली बिल्टी ही तीन गोष्टींची साखळी जुळवतात. यातली खोटी बिल्टी सर्वांत वाईट, कारण ती तुमच्याच अक्षरात असते.

बिल्टीवाला

गाडी सोडवायचं अजून राहिलं. आणि ‘सेल्फ’ बिल्टीचं काय?

काटापावती

गाडी सोडवायचं सांगतो, कलमं वकीलसाहेब दुरुस्त करतील.

पंचनाम्याच्या वेळी मालकाचा माणूस हजर असेल तर तपशील लिहून घ्यायला लावा : ओडोमीटरचा आकडा, सहाही किंवा दहाही टायरचे नंबर, स्टेपनी आहे की नाही, बॅटऱ्यांची कंपनी आणि नंबर, जीपीएसचा डबा, फास्टॅग, टेप, ताडपत्री, जॅक. आता झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार करायचंच आहे, त्यात हे सगळं यावं असं नम्रपणे म्हणा. सहा महिन्यांनी गाडी बघाल तेव्हा बॅटरी आणि डिस्कचे टायर गेलेले असतात, आणि पंचनाम्यात ‘एक ट्रक’ एवढंच लिहिलेलं असेल तर कोणाला काय विचारणार?

अर्जाला आरसी, विमा, परमिट, फिटनेस, पीयूसी, ड्रायव्हरच्या लायसन्सची प्रत, बिल्टी, ई-वे बिल, जीपीएसचा त्या दिवसाचा अहवाल, आणि गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं पत्र. हप्ता थांबत नाही, आणि हप्ते थकले की फायनान्सवालाही गाडी मागायला कोर्टात उभा राहतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांना लेखी कळवा.

काळाकोट

कलमं ४९७ आणि ५०३, नागरिक सुरक्षा संहिता. जुनी ४५१-४५७. सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की वाहनं ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नका, बाँड घेऊन द्या. एनडीपीएसमध्ये वर्षानुवर्षं ‘इथे अंतरिम ताबा मिळतच नाही’ असं ऐकवलं जायचं. जानेवारी २०२५ च्या बिश्वजित डे निकालाने ते मोडलं. त्यात माल गाडीतल्या तिऱ्हाइताकडे सापडला होता, मालकावर आणि ड्रायव्हरवर आरोप नव्हता. कोर्टाने चार परिस्थिती वेगळ्या केल्या : माल मालकाकडे, मालकाच्या ड्रायव्हर-क्लीनरकडे, चोरीच्या गाडीत, आणि तिऱ्हाइताकडे. शेवटच्या दोनमध्ये सर्वसाधारणपणे गाडी सुपूर्दनाम्यावर (बाँड घेऊन तात्पुरत्या ताब्यात) द्यावी. पहिल्या दोनमध्ये मालक किंवा त्याचा माणूस स्वतःच आरोपी असतो, तिथे हा निकाल नुसता पुढे करून भागत नाही. अटी ठरलेल्या असतात : विकायची नाही, रंग-चॅसिस बदलायचा नाही, बोलावलं की हजर करायची, चारही बाजूंनी फोटो.

जमाखर्च

सेल्फ बिल्टी म्हणजे पाठवणाराच घेणारा, नाव एकच, डिलिव्हरी बिल्टी दाखवेल त्याला. व्यापारात हिला जागा आहे, बँकेतून कागद सोडवायचे असतात तेव्हा. पण चादर-टॉवेलच्या गावात अनोळखी माणूस कलबुर्गीहून ‘सेल्फ, टू-पे (भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं), गोडाऊन डिलिव्हरी’ पाठवतो आणि रात्री दहाला पिकअप घेऊन घ्यायला येतो, तेव्हा घेणाऱ्याचं ओळखपत्र, गाडी नंबर आणि फोटो नसेल तर साखळीतलं शेवटचं नाव तुमच्या गोडाऊनचंच राहतं. डिलिव्हरीच्या रजिस्टरला एक रकाना वाढवा : नेणाऱ्या गाडीचा नंबर. कॅमेऱ्याचं फुटेज बहुतेक डीव्हीआरवर १५ ते ३० दिवसांत पुसलं जातं, तपास त्यानंतर येतो. संशयाच्या डिलिव्हरीचं फुटेज त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवा.

डाग उघडण्याबद्दल. वाहतूकदार कायदा, २००७ मध्ये माल पाठवणाऱ्याने फॉरवर्डिंग नोट भरून मालाचं वर्णन आणि किंमत जाहीर करायची असते. बहुतेक ऑफिसात ती कोरी ठेवून आपणच बिल्टी फाडतो. ती त्याच्याकडून, त्याच्या सहीने भरून घ्या. आणि बिल्टीच्या मागच्या अटींत एक ओळ छापा : संशय आल्यास पाठवणाऱ्याच्या किंवा दोन साक्षीदारांच्या समोर डाग उघडून तपासला जाईल. नकार दिला तर माल न घेण्याचा मार्ग मोकळा.

काळाकोट

त्यात एक भर. उघडला आणि आत नको ते दिसलं तर तिथेच हात थांबवा. पुड्या मोजू नका, वास घेत बसू नका, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ११२ ला कळवा आणि डाग आहे तिथे राहू द्या. सगळ्यात घातक चूक म्हणजे घाबरून माल पाठवणाऱ्याला परत नेऊ देणं. तोपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. परत देता त्या क्षणी माहीत असतं, आणि माहीत असून माल हलवायला दिला म्हणजे साहाय्य.

उत्तरकसबा

गोडाऊन भाड्याने देणाऱ्याचं कोणीच बोललं नाही. अक्कलकोट रोडला निम्मे शेड भाड्यावर आहेत.

काटापावती

एनडीपीएसचं कलम २५ आधी सांगितलंच आहे, जागा आणि वाहन एकाच वाक्यात आहेत. २०२३ मध्ये चिंचोळी एमआयडीसीत एमडीचा कारखाना सापडल्यानंतर शेडमालकांना हे चांगलं ठाऊक झालंय. भाडेकरार नोंदणीकृत करा, भाडेकरूची माहिती ठाण्यात द्या, आणि करारात महिन्यातून एकदा जागा पाहण्याचा हक्क ठेवा. नुसता ठेवू नका, वापरा, आणि भेटीची तारीख वहीत लिहा. बघायचं काय? ‘पॅकिंगचं काम’ म्हणून घेतलेल्या शेडचं वीजबिल तिप्पट, खिडक्यांना आतून पत्रे, एक्झॉस्ट फॅन रात्रभर चालू, निळे ड्रम लेबल खरवडलेले, कामगार स्थानिक एकही नाही, आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. गुटख्याचं शेड असेल तर पॅकिंग मशीनचा एकसुरी खटखट आवाज रात्रीचा आणि दारात सुगंधी तंबाखूचा दरवळ. तो लपत नाही, बाजूच्या शेडवाल्याला आधी कळतं. अकरा महिन्यांचं भाडं एकरकमी रोख देतोय म्हणून खूश होऊ नका.

बिल्टीवाला

शेवटचं. हैदराबादहून येणाऱ्या पार्सलात विदेशी सिगारेटची खोकी असतात. ते तर राज्याच्या हद्दीचं नाही, देशाच्या हद्दीचं. त्यात आपण कुठे बसतो?

काळाकोट

सीमाशुल्क कायदा, १९६२, कलम १३५. बंदरावर माल उतरवणाराच नव्हे, तर जप्तीयोग्य आहे हे माहीत असून ‘किंवा तसं मानायला कारण असून’ तो वाहणारा, ठेवणारा, लपवणारा, विकणारा, घेणारा सगळे त्यात. इथे ‘जाणूनबुजून’पेक्षा दोर जास्त आवळलाय. विदेशी पाकिटावर ८५ टक्के जागेवर आपल्याकडचा सचित्र इशारा नाही, एमआरपी नाही, आयातदाराचं नाव नाही, आणि बिल्टीवर लिहिलंय ‘स्टेशनरी’. मानायला कारण नव्हतं असं म्हणणार कसं? मालाची बाजारकिंमत १ कोटीच्या वर किंवा बुडवलेला कर ५० लाखांच्या वर असेल तर ७ वर्षांपर्यंत, एरवी ३ वर्षांपर्यंत. कलम १३८अ मध्ये मनोवृत्तीचं गृहीतक इथेही आहे. कलम १०८ खाली सीमाशुल्क अधिकाऱ्याने घेतलेला जबाब पुराव्यात वापरता येतो, तो पोलिसासमोरचा जबाब नव्हे. म्हणून ‘नुसती चौकशी आहे’ म्हणून सही ठोकू नका, वाचा, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही असंच लिहायला लावा. गाडीला कलम ११५(२) : मालक, त्याचा प्रतिनिधी आणि ड्रायव्हर यांना माहिती नव्हती हे दाखवता आलं तर सुटते. भाड्याने चालणारी गाडी असेल तर जप्तीऐवजी दंड भरायचा पर्याय असतो, पकडलेल्या मालाच्या बाजारभावाच्या मर्यादेत.

आणि कॉफेपोसा, १९७४ हा तस्करीविरोधी कायदा विसरू नका. तस्करी करणारा, तिला साहाय्य करणारा, तस्करीचा माल वाहणारा किंवा ठेवणारा आणि तस्कराला आसरा देणारा, सगळे कलम ३ मध्ये. ही शिक्षा नाही, स्थानबद्धता आहे, खटला न चालवता साधारण १ वर्षापर्यंत. कारणं ५ दिवसांत, अपवादात्मक परिस्थितीत १५ दिवसांत द्यावी लागतात. तेव्हा पहिला अर्ज त्या कारणांच्या प्रतीसाठी करा, आणि प्रत स्थानबद्ध केलेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत मागा. ड्रायव्हर कन्नड वाचणारा आणि कागद इंग्रजी असेल तर तो मुद्दा त्याच दिवशी लेखी नोंदवा.

बिल्टीवाला

फॉरवर्डिंग नोटचा नमुना मराठी-कन्नड दोन्हीत कोणाकडे तयार आहे का? कोऱ्या नोटा उद्यापासून बंद करतोय.

जमाखर्च

मराठीतला आहे, इनबॉक्समध्ये टाकतो. त्यात ‘मालाचं वर्णन’ या रकान्यात ‘किराणा’, ‘कटलरी’, ‘जनरल’ असलं काही चालणार नाही अशी ओळ छापून घ्या, नाहीतर नोट भरूनही कोरीच.